खोक्यावरची बनावट

आई, तुझ्या वर्षश्राद्धाला मी सगळ्या नातेवाइकांसमोर एक गोष्ट चुकीची सांगितली. मी म्हणाले, भोकरदनच्या आपल्या दुकानात तू एकाचा माल दुसऱ्याच्या खोक्यात कधी घातला नाहीस. घालत होतीस. इतक्या वर्षांनी का होईना, दुरुस्त करते.

शाळेत जायच्या आधी तू मला अक्षरं शिकवलीस ती त्याच रिकाम्या खोक्यांवर. मी जोडून वाचलेला पहिला मोठा शब्द ‘बनावट’. कात्रीच्या खोक्यावर ‘जपानी बनावट’ असं होतं. बनावट म्हणजे घडण, तू सांगितलंस. पुढे शाळेत बाई म्हणाल्या, बनावट म्हणजे खोटं. घरी येऊन तुला विचारलं तर टिकल्यांची पाकिटं लावता लावता हसलीस, "दोन्ही बराबर हाय." मग एका बाजाराच्या दिवशी केदारखेड्याची एक बाई कात्री बघते आहे, खोकं उलटंसुलटं करते आहे, आणि मी मध्येच बोलते, "मावशी, खोकं जपानचं हाय, कात्री इथलीच हाय." बाई हसली आणि कात्री ठेवून गेली. तू मारलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "खोकं बोलत होतं ना? मी एक शब्द तरी बोलले का? मंग तुला कुणी बोलायला सांगितलं?" त्यानंतर मी बरीच वर्षं विचारल्याशिवाय बोलले नाही.

आता जालन्यात, शेतीची अवजारं विकणाऱ्या एका कंपनीत मी आयातीचे कागद तयार करते. कुठला माल सीमाशुल्काच्या कुठल्या वर्गात, कुठल्या देशाचा. प्रत्येक कागद तीनदा वाचते आणि घरी आल्यावर पुन्हा आठवून बघते. ऑफिसात मला ‘भिंग’ म्हणतात. या खेपेला कलम करायच्या कात्र्या परदेशातल्या एका कारखान्यातून सुट्ट्या येताहेत, आणि त्यांची छापील खोकी त्याच कारखान्यातून वेगळी. खोक्यांवर ठळक अक्षरांत ‘भारतीय बनावट’. साहेब म्हणाले, खोकी पुठ्ठ्याच्या मालात दाखवा, कात्र्या अवजारांत. वर्गीकरण चुकत नाही, आई. चुकते ती कागदाची शेवटची ओळ: वेष्टनावर छापलेला मूळ देश खरा आहे. तिच्याखाली माझी सही लागते.

मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "खोकी इथं आपणच भरणार ना, मॅडम? भरणं म्हंजे बनवणंच की. तुम्ही डब्बा भरून आणता, मंग जेवण तुमचंच ना?" सगळे हसले.

"माझा डबा खानावळीतून येतो, सर," मी म्हणाले. "मी त्याला घरचा म्हणत नाही."

सही जमत नसेल तर दुसरी मुलगी मिळेल, असं साहेबांनी अगदी शांतपणे सांगितलं.

तू असतीस तर म्हणाली असतीस, गप राह्य. त्या दुकानावरच मी वाढले, शिकले. तू गप का राहायचीस ते मला कळतं. तरी या वेळी ऐकणार नाही. आणि हेही लिहून ठेवते: त्या बाजाराच्या दिवशी मी चुकले नव्हते. लहान होते, आगाऊ होते, पण बरोबर होते.

हे पत्र वहीतच राहील. खोक्यांवर खऱ्या देशाची पट्टी चिकटवल्याशिवाय सही करणार नाही, असं पत्र मी साहेबांसाठी चार दिवसांपूर्वीच टाइप केलंय. रोज ऑफिसात नेते आणि एखादा काना-मात्रा सुधारायच्या निमित्तानं परत घरी आणते. आता त्यात सुधारण्यासारखं काही उरलेलं नाही, मी तपासलं. आयातीचे कागद सीमाशुल्काच्या एजंटकडे मंगळवारी जातात. मी सोमवारी सकाळी, साहेब खुर्चीत बसायच्या आत, ते पत्र त्यांच्या हातात देणार आहे.