तो सरळ वाराच होता

२ मे, सकाळी

काल संध्याकाळी वादळांनी अर्धं आयोवा झोडपून काढलं. आमच्या हवामान कार्यालयात इशारे द्यायच्या खुर्चीवर मी होतो, हे लोकांचं नशीब. सगळे इशारे वेळेवर गेले. फक्त ओस्टरव्हिल गावावरच्या ढगासाठी मी टॉर्नेडोचा इशारा दिला नाही. कारण तो टॉर्नेडो नव्हता. सरळ वारा होता. रडारवर थोडं गरगरल्यासारखं दिसत होतं, पण तसं जेवणानंतर मलाही वाटतं. मी रेडिओवर स्वतःच्या आवाजात सांगितलं की जोराचा वारा येईल, घाबरायचं कारण नाही.

आत्ता फोन आला. ओस्टरव्हिलमध्ये घरं पडली आहेत. कोणी दगावलं नाही. व्हर्लिन ब्रिंक नावाचे एक वयस्कर गृहस्थ पाय मोडून हॉस्पिटलात आहेत. वाईट वाटलं. पण पाय साध्या वाऱ्यानेही मोडतो.

आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात. चिडायचं नाही. डोनट बंद.

२ मे, दुपारी

आता नुकसानीची पाहणी. प्रत्येक वादळाच्या वाटेवर जाऊन, काय पडलं, कसं पडलं, ते बघून ठरवायचं की टॉर्नेडो होता का, आणि असला तर शून्य ते पाचपैकी कोणत्या दर्जाचा. ओस्टरव्हिलला मी जातो म्हणालो. आमचे कार्यालयप्रमुख मेरिटसाहेब म्हणाले, गेलन, ज्याने इशारा दिला नाही त्यानेच पाहणी करणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, साहेब, त्या ढगाला माझ्याइतकं जवळून कोण ओळखतं? यावर त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. पटलं असावं.

सोबत डोरीन हॅवरकँप. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. मदतीला देतोय म्हणाले. हे म्हणताना साहेबांनी तिच्याकडे बघून भुवया उडवल्या, त्याही मदतीच्याच अर्थाने असाव्यात.

३ मे

ओस्टरव्हिलच्या दक्षिणेपासून सुरुवात. नियम सोपा आहे. सरळ वाऱ्यात झाडं सगळी एकाच दिशेला पडतात. टॉर्नेडोत दोन्ही बाजूंची झाडं मधल्या वाटेकडे डोकी करून पडतात. पहिल्याच बांधावर सगळी झाडं पूर्वेकडे आडवी! ओळीत, जणू कोणी निजवली आहेत. मी फोटो काढले. एकात मीही आहे, हात कमरेवर.

डोरीन म्हणाली, हा पहिलाच बांध आहे. काही माणसांना दुसऱ्याचा आनंद बघवत नाही.

दुपारनंतर पुढच्या बांधावर काही झाडं उलट्या दिशेला पडलेली सापडली. मी म्हटलं, ही आधीच पडलेली असणार. डोरीन म्हणाली, पानं हिरवीगार आहेत. मी म्हटलं, आपण पडलोय हे झाडाला लगेच कळत नाही. ती गाडीत जाऊन बसली.

एक पत्र्याची कणगी रस्ता ओलांडून भलत्याच बाजूच्या शेतात गेली आहे. डोरीनने तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. मी एकही मारली नाही. कणगी गोल असते. गोल वस्तू जायची तिकडे जाते.

४ मे

चिडायचं नाही हे ठरलेलं आहे, म्हणून फक्त नोंद: डोरीनने ड्रोन आणला. न विचारता.

वरून काढलेल्या फोटोंत शेतात गोल गोल चट्टे दिसतात. कंगव्याने भोवरा काढावा तसे. मी म्हटलं, शेतकऱ्याने नांगर गोल फिरवला असेल. शेतकरी शेजारीच उभा होता हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तो म्हणाला, साहेब, आमच्या घरात दारू पिऊनसुद्धा कोणी असं नांगरलं नाही. डोरीन इतकी हसली की ड्रोन कुंपणाला धडकला. बिघडला नाही, दुर्दैवाने.

संध्याकाळी एक डोनट. पाहणीच्या कामात साखर लागते. कार्यालयातल्या डोनटची गोष्ट वेगळी, तो नियम तिथे चालू आहे.

५ मे, रविवार

ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. आम्हालाही बोलावलं. बटाट्याच्या गोळ्यांचं कॅसरोल, हॅमचे सँडविच, हिरवी जेली. लोक चांगले आहेत. मला बघून कोणीच काही बोललं नाही. आदर.

मग शाळेच्या बसची ड्रायव्हर लव्हॉन हिने मोबाईलवर काढलेला व्हिडिओ हॉलच्या पडद्यावर लावला. त्यात ढगातून एक सोंड खाली येते, जमिनीला टेकते आणि गावाच्या कडेने जाते. व्हिडिओत लव्हॉन टॉर्नेडो, टॉर्नेडो असं ओरडत असते. हॉलमधले सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहून समजावलं की लोंबणारे ढग असतात, लांबून ते टेकल्यासारखे वाटतात, आणि ओरडणं हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे. लव्हॉन म्हणाली, मग माझ्या अंगणातलं ट्रॅम्पोलिन पाण्याच्या टाकीवर कोणी नेऊन ठेवलं, तुम्ही?

सगळे हसले. मीही हसलो, म्हणजे वातावरण हलकं झालं. जेली दोनदा घेतली. जेली डोनटमध्ये धरत नाहीत.

६ मे

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. माझ्या बाजूने.

ब्रिंक यांच्या घरी गेलो. घरी म्हणजे घर होतं तिथे. पायऱ्या शिल्लक आहेत, वर काही नाही. डार्लिसबाई, हॉस्पिटलातल्या व्हर्लिनरावांची बायको, पायरीवर बसून थर्मासमधली कॉफी पीत होत्या. ऐंशीच्या आसपासच्या असतील. आम्हालाही कॉफी दिली. कप नव्हते, थर्मासचं झाकण आळीपाळीने.

त्या म्हणाल्या, अरे बाबा, रेडिओवरचा तो तूच ना? मी जरा मागे सरकलो. त्या म्हणाल्या, तू म्हणालास घाबरू नका, म्हणून मी नेहमीसारखी खाली तळघरात कपडे धुवायला गेले. वर आले तर वर नव्हतंच.

म्हणजे माझ्यामुळे त्या वाचल्या! मी इशारा दिला असता तर त्या घाईघाईने जिन्यात पडल्या असत्या. मी डोरीनकडे बघितलं. तिने थर्मासचं झाकण माझ्या हातातून काढून घेतलं.

व्हर्लिनराव मात्र त्या वेळी व्हरांड्यात उभे होते. व्हरांड्यासकट उडाले. आता पायाला सळई घातली आहे. डार्लिसबाई म्हणाल्या, पायाचं त्यांना काही नाही रे. पण तुम्ही पेपरात दिलंत की टॉर्नेडो नव्हता, साधा वारा. आता कॉफीच्या दुकानातले त्यांचे मित्र रोज हॉस्पिटलात जाऊन विचारतात, काय व्हर्लिन, झुळूक आली म्हणून पडलास का? काल त्यांनी जेवणाला तोंड लावलं नाही.

पेपरात मीच सांगितलं होतं. बातमी चांगली आली होती, माझं नाव बरोबर छापलं होतं.

संध्याकाळी डोनट घ्यायला थांबलो, पण घेतला नाही. इच्छाशक्ती वाढते आहे. की भूक गेली आहे, ते कळत नाही.

७ मे, सकाळी

झोप नीट लागली नाही. उशी खराब आहे.

७ मे, संध्याकाळी

डोरीनला म्हटलं, ब्रिंक यांच्या घराच्या मागची बाजू अजून बघायची राहिली आहे. ती म्हणाली, मी बघितली आहे, तुझीच राहिली आहे.

मागच्या बाजूला गेलो. मोठी अक्रोडाची झाडं. घराच्या उत्तरेची दक्षिणेला पडलेली, दक्षिणेची उत्तरेला. मधल्या वाटेवर घर. भिंती पायाला बोल्टने पक्क्या बसवलेल्या होत्या, बोल्ट वाकून उभे होते, चारी बाजूंना चार दिशांनी वाकलेले. व्हरांड्याचा कठडा घराला वळसा घालून मागच्या शेतात जाऊन पडला होता. म्हणजे व्हर्लिनरावही ढगाबरोबर तेवढा वळसा घालून आले.

कणगी गोल असते, तसं काही मला सुचेना. व्हर्लिनराव काही गोल नाहीत.

डोरीन शेजारी येऊन उभी राहिली. मला वाटलं आता ऐकवणार. ती म्हणाली, गेलन, त्या संध्याकाळी मी तुझ्या बाजूलाच होते. ते गरगरणं मलाही दिसत होतं. मला वाटलं, तुला विचारलं तर तुला राग येईल, म्हणून मी गप्प बसले. मी म्हटलं, मला राग येत नाही. ती म्हणाली, येतो. मी जरा रागावूनच म्हटलं, येत नाही. मग वह्या काढल्या. झाडं दोघांनी मिळून मोजली. ती एका टोकाने, मी दुसऱ्या टोकाने.

शेतात धूळ फार आहे. डोळ्यांत जाते.

कार्यालयात येऊन निर्णय दिला. टॉर्नेडो, दर्जा दोन. मेरिटसाहेब म्हणाले, बरं झालं. एवढंच. तांत्रिकदृष्ट्या मी अजून सरळ वाऱ्याच्याच बाजूचा आहे. टॉर्नेडोतला प्रत्येक वारा त्या त्या क्षणाला सरळच जात असतो, फक्त वळत वळत. पण हे पेपरवाल्यांना समजावत बसलो नाही.

८ मे

ठरलं. उद्या हॉस्पिटलात जाऊन व्हर्लिनरावांची माफी मागायची. अशा गोष्टी टाळू नयेत. माणसाने मोठेपणा दाखवावा.

भाषण तयार केलं. सुरुवात: श्रीमान ब्रिंक, माझ्या एका निर्णयाने तुमचं आयुष्य बदललं. मध्ये जबाबदारी, विज्ञानाच्या मर्यादा, एका माणसाच्या खांद्यावरचं ओझं. शेवटी थोडं थांबायचं. बायकोला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, फार लांब आहे, आणि यात तूच जास्त आहेस. मी म्हटलं, चूक माझीच आहे, मग मीच असणार ना? ती भांडी घासायला निघून गेली. हेलावली असावी.

ते रागावतील. ओरडतील. कदाचित उशी फेकून मारतील. मारू देत. मी हलणार नाही.

९ मे

जाऊन आलो.

व्हर्लिनराव पलंगावर बसून टीव्हीवर बेसबॉल बघत होते. डार्लिसबाई खुर्चीत विणत होत्या. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, बस बस, हा डाव संपू दे. डाव संपायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात मी भाषण मनात दोनदा म्हटलं.

मग आधी बातमी दिली. तो टॉर्नेडोच होता. दर्जा दोन. आता सरकारी कागदावर आहे.

त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! म्हणाले, ऐकलंस डार्लिस, टॉर्नेडो! आत्ताच्या आत्ता त्या कॉफीवाल्यांना फोन लाव. मग माझ्याकडे वळून जरा हळू आवाजात म्हणाले, दोनच का? तीन नाही करता येणार? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, बघ जरा, मी बराच लांब गेलो होतो.

मी उभा राहिलो आणि भाषण सुरू केलं. श्रीमान ब्रिंक, माझ्या एका निर्णयाने तुमचं आयुष्य. इथपर्यंत आलो आणि पुढचं आठवेना. इतक्या वेळा म्हटलेलं. शेवटी एवढंच म्हणालो की मी इशारा द्यायला हवा होता, दिला नाही, म्हणून तुम्ही व्हरांड्यात राहिलात आणि पाय मोडला. माफ करा.

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावून नाही. एखादं पोर फार गंभीर चेहरा करून बोलतं तेव्हा आपण जसं बघतो तसं. म्हणाले, अरे, तू हे सगळे दिवस असाच फिरतोयस की काय? पोरा, इशारा दिला असतास तरी मी व्हरांड्यातच असतो. भोंगा वाजला की आख्खं ओस्टरव्हिल बाहेर येतं बघायला. तुझ्यामुळे उलट या वेळी गर्दी कमी होती, मला नीट दिसलं.

मी म्हटलं, पण रेडिओवर मी. ते म्हणाले, तू रेडिओवर असतोस?

डार्लिसबाईंनी डोळ्यांनी दटावलं. मग ते घाईघाईने म्हणाले, असशील, असशील, आवाज चांगला आहे तुझा.

डार्लिसबाई पुन्हा विणायला लागल्या. मला वाटत होतं, त्यांनी उशी फेकून मारली असती तर बरं झालं असतं.

निघताना मला बरं वाटावं म्हणून असेल, त्यांनी विचारलं, काय म्हणतोस मग, आज पाऊस येईल का? मी म्हटलं, अजिबात नाही. खात्रीने सांगितलं, कारण सकाळीच सगळे नकाशे बघून आलो होतो.

ते म्हणाले, शाब्बास. आणि नर्सला हाक मारून म्हणाले, बाई, जरा ती खिडकी लावून घे.