डिकीतले चाळीस कोट

नाही, मी तिथे कुणाच्या अंगावर धावून गेले नाही. टेबलावर पट्टी आपटली, ती कापड मोजायची माझी स्वतःची पट्टी होती, आणि टेबल काचेचं असूनही फुटलं नाही. तुझ्या कानावर कुणी काही घातलं असेल तर ते झटकून टाक.

बरं, रीतीचं उरकून घेते. धाकट्या, तुला आणि तुझ्या बायकोला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? (चालत जा. मलमं चोळून काही होत नसतं.) माझा गुडघा दुखतोय, पण त्याला विचारतंय कोण. आता ऐक.

तू माझ्याकडे सोडून गेलेली गाडी मी काल सकाळी शोरूमला टाकली, ऑइल बदलायला. फक्त ऑइल. एक वाजता न्या म्हणाले. तिथून थेट हॉस्पिटलात जायचं म्हणून डॉक्टरांचे चाळीस पांढरे कोट आधीच डिकीत भरले होते (शहाणपणा!) आणि मी चालत दुकानात परत आले. कोट चारच्या आत पोचले नसते तर पुढच्या वर्षीचं काम तयार कपडेवाल्याला गेलं असतं, आणि माझ्याकडच्या तिघी बाया घरी बसल्या असत्या. एक वाजता गेले तर टायवाल्या साहेबाने हातभर लांब बिल पुढे केलं. पुढचे ब्रेक नवे. बॅटरी नवी. वायपर नवे. आत अत्तर मारलं म्हणून त्याचे वेगळे. (गाडीला वास कसला येणार? मी रोज बसते तिच्यात.) मी म्हटलं, हे कुणी सांगितलं होतं? तर म्हणे, मॅडम, फोन करून विचारलं होतं. मी म्हटलं, मला कुणीही विचारलेलं नाही. अरे, तीस वर्षं शिवणकाम करतेय मी. शर्टाचं बटण लावायला दिलं तर कॉलर बदलून पैसे मागते का? गिऱ्हाईकाला विचारल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, एवढं सातवीत शाळा सोडलेल्या बाईला कळतं. हा टाय बांधून बसलाय.

तो म्हणाला, बिल भरल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. मी म्हटलं, गाडी ठेव, कोट दे. तर डिकीसुद्धा उघडणार नाही म्हणाला. पट्टी आपटली ती तेव्हा. काउंटरवरची पोरगी पाणी घेऊन आली, मावशी बसा, मावशी बसा. बसले. त्या खोलीत एवढं गार करून ठेवलंय की रागसुद्धा गोठतो. समोर घड्याळ, अडीच वाजलेले. खोटं कशाला बोलू, पैसे भरायला पर्समध्ये हातही घातला होता.

मग एकदम सुचलं. आमच्या शिवणकामात उरलेली चिंधीसुद्धा गिऱ्हाईकाला परत देतात. म्हटलं, काढलेलं सामान आणा, मी घरी नेणार. साहेब म्हणाला, त्या भंगाराचं काय करणार? म्हटलं, लोणचं घालेन, तू आण. आणलं. जुने ब्रेक, वायपर आणि एक धुळकट बॅटरी. मी बॅटरीकडे बघितलं आणि म्हटलं, आता बॉनेट उघड. उघडलं, तर आत आपलीच बॅटरी! मागे तिचं टोपण खडखड वाजायचं म्हणून मी निळ्या कापडाची चिंधी बांधली होती, ती जशीच्या तशी, माझ्याच दुहेरी गाठीची. नवी म्हणून पैसे लावले त्या बॅटरीला माझी गाठ! साहेब गाठीकडे बघतोय, मिस्त्री जमिनीकडे बघतोय, काउंटरवरची पोरगी तोंडावर फाइल धरून हसतेय. आतून मोठे साहेब पळत आले. आई म्हणाले मला. (मगाशी मॅडम होते.) ऑइलचे घेतले, बाकी सगळं खोडलं, वर स्वतः डिकी उघडून कोट मोजून दाखवले. चाराला दहा कमी असताना हॉस्पिटलात पोचले. काम हातात राहिलं. घरी येऊन पंख्याखाली अशी आडवी झाले म्हणतोस, जेवायचंही सुचलं नाही.

तुझी,
आक्का

ता. क. ब्रेक मात्र झकास लागतात.

दुसरा ता. क. आज सकाळी मोठ्या साहेबांचा फोन आला. म्हणाले, आई, बॅटरीचा गुन्हा आमचा, पण एवढं ऐका. आणि कालच्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. मागे मशीन धडधडतंय, त्यांची पोरगी विचारतेय, ब्रेक बदलायचे का? हं. वायपर? हं. अत्तर? हं. आवाज माझाच. मी पँटची दुमड टाचत होते, तोंडात सहा टाचण्या, फोन खांद्याला. टाचण्या तोंडात असल्या की मी सगळ्यांनाच हं म्हणते, समोरचा लवकर फोन ठेवतो. ब्रेकचे आणि वायपरचे पैसे जाऊन भरून आले. अत्तराचे दिले नाहीत, देणारही नाही. हे तिघींना कळता कामा नये.

तिसरा ता. क. खरं पत्र यासाठी लिहिलंय. मंगळवारी दुपारी तू फोन केला होतास, तेव्हाही टाचण्या होत्या. तू पाचेक मिनिटं काहीतरी विचारत होतास आणि शेवटी फार खूश झालास. काय विचारलंस ते लिहून कळव, आणि मी हं म्हटलेलं सगळं रद्द समज. तुझ्या सासूबाई माझ्याकडे राहायला यायचं म्हणून सामान बांधायला लागल्या असतील तर त्यांना थांबव. का, ते विचारू नकोस. मी यावर आणखी एक अक्षर बोलणार नाही.