शेजार न लागणारं झाड

कॅरी,
११ फेब्रुवारी २००७

नरेंद्र,

स.न.वि.वि. आम्ही सगळे बरे. आश्लेषा नववीत आहे. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. शैलजाची पाठ अधूनमधून धरते. तुम्ही तिकडे प्लेनोत रुळलात हे कळलं. झालं क्षेमकुशल.

आता मला सांग, साडेतीन वर्षं चकार शब्द नाही, आणि अचानक नर्सरीचा कॅटलॉग पाठवतोस? एका बुटक्या चेरीभोवती लाल शाईने गोल करून? ‘गोड जात आहे, आठ-दहा फुटांवर जात नाही, एकट्याने फळते, शेजारी दुसरं झाड लागत नाही.’ तुला विचारलं होतं कोणी? इथली लाल चिकणमाती विसरलास? पाणी साचलं की मुळं कुजतात. ऐन पिकताना पाऊस आला की फळं तडकतात, उरलेली पक्षी खातात. टेक्सासात बसून फुकटचे सल्ले देऊ नकोस.

२००१ साली ती अक्कलही तुझीच. आपल्या चेरीला फळायला दुसऱ्या जातीचं झाड जवळ लागतं, म्हणून कुंपणापलीकडे एक तू लावलंस, अलीकडे एक मी. तिसऱ्या वर्षी माझ्या झाडाला अकरा चेरी लागल्या. आणि त्याच सप्टेंबरात, घर सोडताना, तू तुझं झाड करवतीने बुंध्यापासून कापलंस. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. तेव्हापासून माझं नुसतं फुलतं. नरेंद्र कोत्या मनाचा, जाता जाता झाडावर सूड उगवून गेला, असं मी इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना पटलंही.

आणि आता तू लिहितोस, ‘यार राजीव, ले-ऑफनंतर तू भेटायलाही आला नाहीस, त्या रागात कापलं. चुकलो. माफ कर.’

कशाला मागतोस माफी? एवढं मोठं मन दाखवायला कोणी सांगितलं होतं तुला? डोकं फिरलं माझं ते वाचून.

काल नर्सरीत गेलो. तू गोल केलेलंच झाड होतं. तिथल्या माणसाने विचारलं, शेजाऱ्यांकडे चेरी आहे का? शैलजा मराठीत म्हणाली, “घे की हेच. तुला कुठे शेजारी टिकवता येतात!” तिला सगळं माहीत आहे. झाड तिथेच ठेवून घरी आलो.

तर ऐक. त्या ऑगस्टमध्ये, तुझ्या ले-ऑफआधी, आपल्या मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. आपल्या दोघांतला एक कमी करायचा होता. जानेवारीत सिस्टीम बंद पडली ती कोणामुळे, असं त्याने विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. चूक माझी होती, नरेंद्र. माझा व्हिसा त्या नोकरीवर होता, पोरगी लहान होती. तुझंही सगळं तसंच होतं, तुझा देवदत्त तर तिच्याहून लहान. मी घाबरलो, बस्स.

तू अजून समजत असशील की आपणच कामात कमी पडलो. अजिबात नाही. आणि भेटायला आलो नाही, कारण तुला दाखवायला तोंड नव्हतं.

हे पत्र सीमालाही वाचून दाखव. काय शिव्या द्यायच्या त्या फोन करून मला दे. ‘माफ कर’ असं मी मात्र लिहिणार नाही. तू लगेच करून टाकशील, तुझा काही नेम नाही.

तुझी नोकरी घालवणारा,
राजीव