मे महिन्यातला महापूर

ती. नानासो यांना आप्पासोचा सांगलीहून साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मेढा गावच्या चढाला तो कुरकुरणारच, तरी शेकत राहा, असं तुमची बहीण मंगल सांगते आहे. इकडं आम्ही सगळे खुशाल. (सगळे म्हणजे मी आणि मंगल. शिवांजली आठ दिवस माझ्याशी बोलत नाही, चहाचा कपसुद्धा आदळून ठेवते.) पत्रास कारण एवढंच, की तुम्ही तिच्यासाठी आणलेलं खंडाळ्याचं स्थळ मला पसंत नाही. का, ते सविस्तर कळवतो. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मधेच हसता.

मुलगा वीरधवल इंजिनिअर आहे हे खरं. पण पुण्याची चांगली नोकरी सोडून हा गडी कोकणात समुद्राकाठी तंबू ठोकून बसलाय आणि उन्हाळाभर लोकांना त्यात झोपवतो. बघण्याचा कार्यक्रमही तिथंच ठेवूया, दोन्ही घरं एक मुक्काम करूया, म्हणजे ओळख होईल, हे त्याचंच डोकं. आम्ही गेलो. फाटकावरच मोठा फळा, 'समुद्रकाठच्या तंबूंचा इतिहास'. म्हणे फार पूर्वी विलायतेत डॉक्टर लोक आजाऱ्यांना समुद्राची हवा खायला धाडायचे, मग गिरणीचे कामगार उन्हाळी सुट्टीत वाळूवर तंबू टाकायला लागले, मग मोटारी आल्या आणि ती हौस फिरत फिरत आपल्याकडं पोचली. आवं, बावीस वर्षं फौजेनं मला राजस्थानच्या वाळूत, ऐन मे महिन्यात तंबूत झोपवलं, तेव्हा कुणी फळा लावला नाही! महापुरात आमची अख्खी गल्ली माळावर ताडपत्रीखाली राहिली, तर आम्ही पूरग्रस्त. तेच पुण्याच्या माणसानं केलं की त्याला म्हणायचं 'अनुभव'.

बरं, तंबू तरी धड ठोकावेत! वर सुरूच्या झाडांत, भुसभुशीत वाळूत. मेख हातानं उपटून येत होती. मी निवृत्त सुभेदार, मला हे बघवेना. खाली पाण्याच्या बाजूला बघतो तर जमीन कशी सिमेंटासारखी कडक. लगेच आमचा तंबू उचलला, तिथं नेऊन ठोकला आणि फौजेच्या नियमानं भोवती हातभर चर खणला. (इतकी छान जागा मोकळी कशी, हा प्रश्न मंगलनं विचारला होता. तिला काय कळतंय, म्हणून मी उत्तर दिलं नाही.)

दिवेलागणीला चरात पाणी आलं. नानासो, आपण कृष्णाकाठची माणसं. पाणी चढायला लागलं की आपण आधी ट्रंका माळ्यावर टाकतो. आणि पाणी चढतं ते धरणातून सोडल्याशिवाय चढत नाही, हे सांगलीत शेंबडं पोरही सांगेल. भरती-ओहोटी शाळेत भूगोलात होती, नाही असं नाही. पण भूगोल पाठ करणं वेगळं आणि अंथरुणाखाली पाणी येणं वेगळं. मी शिट्टी फुंकली. सगळ्या मुक्कामाला, बत्तीस माणसांना, एका रांगेत दोरीला धरून वरच्या शाळेच्या व्हरांड्यात हलवलं. वीरधवलचे वडील बर्म्युड्यावर होते आणि जरा रेंगाळत होते, म्हणून त्यांच्या कमरेला दोरी बांधून ओढत नेलं. "काका, भरती हाय ही," असं पोरगा तीनदा म्हणाला. त्याचे वडीलही "आवं, पण..." करायला लागले. मी दोघांना दरडावलं, "चर्चा नंतर! मी हुकूम देईपर्यंत कुणी तोंड उघडायचं न्हाई!"

मग पूर नियंत्रण कक्षाला फोन लावून विचारलं, किती क्युसेकनं सोडलंय? पलीकडचा माणूस म्हणाला, साहेब, मे महिना आहे, सोडायला पाणी आहेच कुठं? तेवढ्यात समुद्र आपसूक मागं सरकायला लागला. खाली आलो तर सुरमईचं कालवण कुत्र्यांनी संपवलेलं. सकाळी आम्ही न बोलताच निघालो.

आता तुम्हीच सांगा, जिथं घर रोज पाण्यात जातं तिथं पोरगी कशी द्यायची? तेव्हा आमचा नकार ठामपणे कळवून टाका. वहिनींना नमस्कार.

तुमचा आप्पासो

ता. क. नकार एवढ्यात कळवू नका. खरं म्हणजे खंडाळ्याहून आठ दिवस फोन नाही, आणि त्यांच्या आधी आपला नकार जावा एवढाच माझा डाव होता. पण काल शिवांजलीचे सुजलेले डोळे बघितले आणि डाव मोडला. नानासो, पोरगा सोन्यासारखा आहे. तीनदा सांगून बघितलं, चौथ्यांदा वाद घातला नाही, गुमान दोन म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन वर चढला. माझ्यासारखा सासरा झेपणारा जावई दुसरा कुठं मिळणार? गुडघ्याला पट्टा बांधा, पण खंडाळ्याला जाऊन माझ्या वतीनं माफी मागा. गडबडीत त्यांच्या अकरा मेखा माझ्या डिकीत आल्यात, त्या द्यायचं निमित्त करा.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवायच्या आत शिवांजलीनं पत्र वाचलं आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "बाबा, त्यांची पसंती पहिल्या दिवसापास्नं हाय. वीरधवलचा मला रोज फोन येतोय. पण तुमी हुकूम दिल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई, असं त्याच्या वडलांनी घरात सगळ्यांना बजावलंय."

तेव्हा हुकूम झाला म्हणून सांगा. आणि मुहूर्त काढताना भटजींना भरतीची वेळ तेवढी बघायला लावा.