होडीतला लहान पंजा

दि. ३ मार्च

चि. धाकट्यास, थोरल्याचे अनेक आशीर्वाद.

हे वाचून झालं की फाडून टाक. माझ्या मुलाच्या पेटंटवर दुसऱ्या कारखान्याने हरकत घेतली आहे. साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड कोरडंच अंथरायचं, वर प्लास्टिक चिकटवायचं आणि पंपाने आतली हवा ओढायची; मग रेझिन, तो वाळून कडक होणारा चीक, आपसूक कापडात भिनतं, बुडबुडा राहत नाही. ही रीत आपण शोधली, असं तो म्हणतो. ते म्हणतात जुनी आहे. तसा पुरावा निघाला तर पेटंट गेलं.

पुरावा तुझ्या अंगणात पालथा पडला आहे. ती होडी मी सायकलच्या पंपाचा वायसर उलटा बसवून, हवा ओढून केली, तेव्हा तो सात वर्षांचा होता. तू ती चारचौघांत दहा वर्षं वल्हवलीस. मोडून टाक रे. जिवाला घोर लागला आहे. वीस तारखेला तो वकिलाला घेऊन माझा जबाब घ्यायला येणार. चार वर्षांनी येतो आहे. दुसऱ्या खुर्चीचा पाय बसवून घेतला.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
दादा

दि. ११ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुमची होडी मोडणं म्हणजे चेष्टा नाही. कुऱ्हाड उडून माझ्याच कपाळाला लागली. जाळावी तर सगळी गल्ली खोकेल. इतकं पक्कं कोणी करतं का हो?

परवा तुमचे चिरंजीवच दारात उभे. मला वाटलं, होडी गायब करायला आला. त्याने ती सुलटी केली. आतल्या लेपावर तुमचा पंजा आणि शेजारी त्याचा लहानसा उमटला आहे, त्यावर हात ठेवून बराच वेळ बसला. मग म्हणाला, की हे बाबांचं आहे, माझं नाही. तिथूनच वकिलाला फोन करून पेटंट सोडतो म्हणून सांगितलं. तुमच्याकडे जाऊन ये म्हटलं, तर सवड नाही म्हणाला. खोटं कशाला लिहू?

तब्येतीस जपावे, लोभ असावा.
आपला धाकटा

दि. १९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद. कपाळाला हळद लाव.

खटला मिटला, बरं झालं. काल वकिलाचा निरोप आला, की जबाबाची आता गरज नाही, उद्या कोणी येणार नाही. दोन कप काढून ठेवले होते, एक परत फळीवर ठेवला. खुर्ची मात्र आता डुगडुगत नाही. तू तरी येऊन बसून जा.

लोभ कर.
दादा

ता. क. होडी मोडू नकोस. करवतीने पंज्यापुरता तुकडा काढ. लहान तेवढा पाठव. मोठा माझ्यापाशी आहे.