माझ्या फोनवर माझाच फोटो

हिंगणघाट, रविवार, २५ नोव्हेंबर २००७

डोकं अजून तापलेलंच आहे. फोन माझा, माझ्या पगारातून घेतलेला. त्याच्या स्क्रीनवर मी माझाच फोटो लावला होता. बोर धरणावरचा, केस उडताहेत आणि मी मोठ्यानं हसते आहे, तो. आज मी भाकरी टाकत असताना मोठ्या दिरांनी फोन उचलला आणि तो हटवून गणपती लावला. मला न विचारता!

"बाईमाणसानं सोताचा फोटो लावाचा रायते काय? लोकं काय म्हन्तीन?"

आणि दिरांच्या फोनवर कोण आहे? ते स्वतःच, गॉगल घालून! आमचे हे मान खाली घालून जेवत राहिले. गणपतीशी माझं भांडण नाही. पण माझं हसणं कुणाला का खुपावं?

जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर मी तो हसरा फोटो परत लावला. मग सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, पदर सारखा केला आणि हळूच म्हणाल्या, "माह्या एकटीचा फोटो कोनं काढलाच नाई आजवर. काढतं काय वं?"

काढला. आणि तोच स्क्रीनवर लावला. आता हटवून दाखवावा दिरांनी, आपल्या आईचा फोटो!