सरकारी फळ्या आणि माझा सेनापती

६ एप्रिल १९५९, दिवेआगर
आजपासून नळाच्या चराचा ओव्हरसियर मी. साहेबांनी बजावलं, विश्वंभर, ही पुळणीची वाळू, कधी दगा देईल नेम नाही. चराच्या दोन्ही अंगांना फळ्या आणि मधे टेकू म्हणून आडवे धिरे ठोकल्याशिवाय एकही माणूस खाली उतरवायचा नाही. मी म्हटलं, निर्धास्त असा. मजुरांच्या जिवापुढे मी बापाचंही ऐकणार नाही.
संकल्प: रोज सकाळी मजुरांना सेफ्टीवर लेक्चर.

७ एप्रिल
पहिलं लेक्चर. बहुतेक प्रभावी झालं. रावजी उभ्या उभ्या घोरला. खणायला तो आणि सदा. सदाची बायको नीराबाई घमेली वाहते. फळ्या झकास बसल्या आहेत.

१० एप्रिल
रामनवमीच्या नाटकात सेनापतीचा पार्ट मला! उत्सवाचे सर्वेसर्वा तात्या स्वतः विचारायला आले. मी नको म्हटलं, पण दोनदाच. तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर तात्यांनी ऐकलं असतं.
स्टेजला फळ्या कमी पडताहेत म्हणे. तात्यांचा डोळा आमच्या चरावर. साफ नकार दिला. सरकारी माल, शिवाय माणसांचा जीव!

११ एप्रिल
तात्या म्हणाले, मग राहिलं, पार्ट बाबाजीला देतो. बाबाजीला! तो ओरडला तर कोंबडंसुद्धा दचकत नाही.
शांतपणे विचार केला. इतक्या दिवसांत वाळू दबून बसली असणारच. फळ्यांचं काम संपलं. आता त्या नुसत्याच उभ्या आहेत.

१३ एप्रिल
फळ्या तात्यांकडे पोचत्या केल्या. उत्सवापुरत्याच. लगेच नीराबाई पुढ्यात उभी. म्हणाली, साहेब, माजा दादला उघड्या चरात उतरायचा न्हाय. मी म्हटलं, बाई, मी काठावर जातीने असतो, मग काळजी कसली? तर म्हणते, तुमी काठावर असता म्हनूनच तं भ्या वाटतंय.
अडाणी बाई. साइट बंद करीन असा दम भरला, तेव्हा कुठे सदा उतरला. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. नाही तर नाही!

१५ एप्रिल
काठाला भेग दिसली. पायाने वाळू सारून बुजवली. आता दिसत नाही. धोका टळला.
रिहर्सल फक्कड.

१६ एप्रिल, दुपार
काठावर उभा राहून सेनापतीचं भाषण पाठ करत होतो. ‘गड्यांनो, ही भूमी आपल्याला कधी सोडणार नाही!’ इथे पाय आपटायचा असतो. आपटला. काठच गेला. मी वेळीच मागे उडी मारली. सदा छातीपर्यंत वाळूत गाडला गेला, डोळे पांढरे. रावजीने फावडं उचललं तर नीराबाई किंचाळली, मेल्या, लागंल त्याला, हातांनी काढ! सगळे हातांनी उकरत होते. मी वरून सूचना देत होतो. रावजी म्हणतो, साहेबांच्या तोंडून आवाजच फुटत न्हवता.
सदा निघाला. जिवंत आहे. बरगडीला मार आहे. देवा, तो गेला असता तर? जेवण गेलं नाही.

१७ एप्रिल, रामनवमी
मजुरांनी पहाटेच स्टेज उखडून फळ्या नेल्या. तात्या आडवे आले. नीराबाईने त्यांना जे ऐकवलं ते सणाच्या दिवशी लिहू नये. नाटक रद्द.
साहेब आले. मी निदर्शनास आणलं की जीवितहानी शून्य, म्हणजे एका परीने व्यवस्थेचं यशच. साहेबांनी चरात डोकावून पाहिलं. मग ऑर्डर: उद्यापासून चरात पहिला मी उतरायचं. नीराबाई काठ बघून ‘व्हय’ म्हणेपर्यंत खाली उभं राहायचं. मगच मजूर.

१८ एप्रिल
उतरलो.
वरून हा चर एवढा खोल कधीच नव्हता. फळ्यांच्या फटीतून वाळू भुरभुर मानेत जाते. आणखी चार फळ्या ठोका म्हटलं. कुणी हललं नाही. नीराबाई सावकाश काठ बघत होती, अगदी सावकाश. मी ‘आई गं’ म्हणून ओरडलो म्हणे. मला काही आठवत नाही.
शेवटी ‘व्हय’ आलं. छातीला पट्टी बांधून सदा वर बसला होता, त्याने हात खाली दिला. म्हणाला, साहेब, पयल्यांदा समद्यांनाच भ्या वाटतंय. मी म्हटलं, भ्यायलंय कोण? इन्स्पेक्शन चाललं होतं.
वर आल्यावरही त्याचा हात मात्र मला सोडवेना.